मच्छरदाणी घराची की तिची?

ती मच्छरदाणी पिशवीतून बाहेरच काढलेली नव्हती. आढ्याला टांगलेल्या टोपलीत, बियाण्यासाठी ठेवलेल्या मक्याच्या कणसांशेजारी, घडी न मोडता जपून ठेवलेली. पिशवीवर घरक्रमांक माझ्याच अक्षरात. खाली सारवलेल्या जमिनीवर चटई टाकून त्या घरची सून पडली होती. पहिली खेप, सातवा महिना सरत आलेला. दातांवर दात वाजत होते आणि कपाळाला हात लावला तर चटका बसत होता.

आशाताईनं बोटाला सुई टोचून थेंब आरडीकेवर, म्हणजे मलेरियाच्या झटपट तपासणीच्या पट्टीवर घेतला. निकालासाठी पंधरा-वीस मिनिटं थांबायचं असतं, पण फाल्सिपेरम या जीवघेण्या मलेरियाची रेष पाच मिनिटांतच गडद उमटली. खालची पापणी ओढून पाहिली तर आतून कागदासारखी पांढरी. ऑगस्ट होता, नाल्याला कमरेएवढं पाणी होतं. बाज उलटी करून तिला दोरानं बांबू बांधला, त्यात तिला निजवली आणि चार पुरुषांनी खांद्यावर घेऊन नाला ओलांडला. पलीकडे गाडी उभी होती. ती वाचली. बाळ मात्र पोटातच गेलं होतं.

चार दिवसांनी ती घरी आली तेव्हा मी पुन्हा गेले. सासू उंबऱ्यात बसली होती. मला जाब विचारायचा नव्हता, तरी नजर त्या टोपलीकडे गेलीच. तिनं ते ओळखलं. आशाताईनं तिचं माडिया बोलीतलं बोलणं माझ्यासाठी मराठीत सांगितलं : "नवी आहे ना, सिस्टर. बाळ झाल्यावर त्याच्यासाठी काढणार होतो."

मी आरोग्यसेविका आहे. माहेर ब्रह्मपुरीकडचं, नेमणूक भामरागड तालुक्यातल्या एका उपकेंद्रात. भामरागडला पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती या तीन नद्या भेटतात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की पुलावरून पाणी जातं आणि तालुका जगापासून तुटतो. महाराष्ट्रात मलेरियाचा सगळ्यात जास्त भार असलेल्या जिल्ह्यांत गडचिरोली येतं, आणि जिल्ह्यातही भामरागड, एटापल्ली, धानोरा अशा जंगलपट्ट्यात. हे सगळं नेमणुकीच्या आधी वाचलेलं होतं. त्या जूनमध्ये मच्छरदाण्या वाटल्या तेव्हा माझ्या रजिस्टरमध्ये एकही रकाना रिकामा नव्हता. साधारण दोन माणसांमागे एक असा हिशोब, प्रत्येक घरापुढे सही नाहीतर अंगठा. मासिक बैठकीत मी "वाटप पूर्ण" असं सांगितलं होतं आणि ते खरं होतं. त्या सुनेच्या घरापुढेही अंगठा होता, सासऱ्याचा.

त्या रात्री ते रजिस्टर पुन्हा उघडलं. माझ्या यादीत तेव्हा चौदा गरोदर बाया होत्या. अंगठे आणि सह्या पाहत गेले. चौदातल्या एकीचाही नव्हता. मच्छरदाणी घराला दिली होती, घर म्हणजे घरातला मोठा माणूस. पुढे ती कुणाच्या वाट्याला गेली हे मी विचारलंच नव्हतं.

गरोदरपणातला मलेरिया इतरांच्या मलेरियासारखा नसतो, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलेलं असतं. फाल्सिपेरमचा जंतू शिरलेल्या रक्तपेशी वारेत जाऊन चिकटून बसतात. बाळाला अन्न आणि प्राणवायू पोचवणारी जागाच ती. त्यामुळे बाळ वाढत नाही, वजन कमी भरतं, दिवस भरायच्या आत येतं किंवा पोटातच जातं. आईचं रक्त झपाट्यानं उतरतं. ज्या भागात मलेरिया वर्षानुवर्षं आहे तिथल्या माणसांच्या अंगात थोडीफार प्रतिकारशक्ती आलेली असते, पण वारेत दडणाऱ्या या जंतूंची शरीराला पहिल्या खेपेला ओळख नसते, म्हणून पहिलटकरणीला धोका जास्त. त्यातही फसवी गोष्ट अशी की कधी कधी ताप येतच नाही. बाई चालते, पाणी भरते, रोवणीला जाते आणि जंतू वारेत असतो. बोटाच्या थेंबातही तो कधी दिसत नाही. आमच्याकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ, खाणं तोकडं, त्यामुळे रक्त कमी दिसलं की सगळे म्हणतात, "तिचं आधीपासूनच तसं आहे."

औषधांचंही तसंच. तिसऱ्या महिन्याच्या आत डॉक्टरांना औषध जपून निवडावं लागतं. प्रायमाक्वीन तर गरोदरपणात देतच नाहीत. आणि व्हायव्हॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या प्रकारात यकृतात लपून बसलेल्या जंतूंना मारायला तेच लागतं. म्हणजे क्लोरोक्वीननं ताप उतरतो, पण मूळ आत राहतं आणि तो उलटू शकतो. इतरांना आजार झाल्यावर आपण औषध देऊन मोकळं होतो. गरोदर बाईच्या बाबतीत डास चावू न देणं हाच सगळ्यात मोठा उपाय उरतो.

आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी एका बैठकीत एक गोष्ट सांगितली होती, ती माझ्या डोक्यात पक्की बसली. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात संशोधकांनी पाहिलं की मलेरियाचे डास गरोदर बायांकडे इतर बायांच्या दुपटीनं ओढले जातात. त्यांचा श्वास जास्त असतो, पोटाची त्वचा थोडी अधिक गरम असते, डासाला तेवढं पुरतं. आणि रात्री लघवीला उठावं लागतं म्हणून त्या मच्छरदाणीबाहेरही दुप्पट वेळा येतात. हे ऐकताना बैठकीत कुणीतरी हसलं होतं. मला ऑगस्टनंतर त्यात हसण्यासारखं काही वाटेना.

पहिलं काम मी हे केलं की "मच्छरदाणी वापरता का?" हा प्रश्न सोडून दिला. त्याला सगळे "हो" म्हणतात, पाहुण्या माणसाचा मान राखायला. त्याऐवजी वहीत एक रकाना वाढवला : काल रात्री कुठे झोपली? आणि आशाताईला घेऊन रात्रीची फेरी सुरू केली. संध्याकाळची जेवणं झाली की, नऊ-साडेनऊला, टॉर्च घेऊन. आधी भूमियाला, म्हणजे गावच्या प्रमुखाला विचारून घेतलं, कारण रात्री लोकांच्या अंगणात शिरणं बरं नव्हे. तो म्हणाला, "या, पण झोपलेल्यांना उठवू नका."

जे दिसलं ते दिवसा कधी दिसलं नसतं. एका घरी मच्छरदाणीत सासरा आणि दोन नातू, गरोदर सून चुलीजवळ चटईवर. दुसरीकडे नवरा आत, बायको बाहेर, कारण ती पहाटे चारला उठते आणि मच्छरदाणी हलली की नवऱ्याची झोप मोडते. तिसऱ्या घरी मच्छरदाणी बाडीला भाजीभोवती कुंपण म्हणून लावलेली. नदीकाठच्या गावात दोन मासे धरायला गेलेल्या. एका घरात मात्र ती अगदी नीट बांधलेली, चारही कोपरे ताणलेले, आत कुणीच नाही. घरचे सगळे अंगणात झोपलेले, कारण आत उकडतं.

मला राग यायचा. मासे धरायला मच्छरदाणी नेणाऱ्याला एकदा मी खूप बोलले. तो शांतपणे ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "सिस्टर, पोरं रोज काय खातील ते पण लिहा ना वहीत." त्यानंतर मी कुणाला तसं बोलले नाही. फाटलेली, जुनी, औषध संपलेली मच्छरदाणी काय वाटेल त्याला वापरा, नवी तेवढी अंथरुणावर असू द्या, असं सांगायला लागले. (तीही पाण्यात नको, मासळीला ते औषध विषारी असतं, हे नंतर लक्षात आल्यावर तेवढी दुरुस्ती मी गावोगाव जाऊन केली.)

कारणं ऐकायला बसले तर एकही कारण मूर्खपणाचं नव्हतं. "गरमी होते जी, जीव घाबरते." खरंच होते, पोट मोठं असलं की अधिकच. "नवीन मच्छरदानीनं तोंड चुरचुरते." खरंय, धाग्यातच कीटकनाशक असतं, म्हणून ती पिशवीतून काढून एक दिवस सावलीत वाऱ्यावर टांगायची असते. ते वाटपाच्या दिवशी घाईत मी किती जणांना नीट सांगितलं होतं, कुणास ठाऊक. "औषध हाय तर पोटातल्या बाळाले नाही लागणार का?" हा प्रश्न एका नवऱ्यानं विचारला, आणि मला तो फार आवडला, कारण तो विचार करत होता. त्याला सांगितलं की डासाला मारण्यापुरतं ते औषध आहे, मच्छरदाणीत झोपून ते आईला किंवा बाळाला अपाय करत नाही, जगभर गरोदर बायांना हीच देतात. त्यानं कापड बोटांत धरून वास घेतला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आमच्या खोलीत खुंटीच नाही."

ही खुंटीची गोष्ट मी प्रशिक्षणात कधी ऐकली नव्हती. आमच्याकडची घरं बांबूच्या तट्ट्यांची, वरून माती लिंपलेली. छप्पर उताराचं, एका बाजूला इतकं खाली की वाकून जावं लागतं. चौकोनी मच्छरदाणीला चार बांधणी लागतात, भिंती दोनच हाताशी. दुसऱ्या दिवशी तो माणूस जंगलातून चार सरळ बांबू घेऊन आला, बाजेच्या चारही पायांना वाखाच्या दोरीनं आवळले आणि वर मच्छरदाणी लावली. बाज उचलून अंगणात नेली की मच्छरदाणीही बरोबर. उकडत असेल तर बाहेर, पाऊस आला तर आत. ती बाज पाहायला मी पुढे तीन गावांतल्या लोकांना त्याच्या अंगणात नेलं. सांगून जे होत नव्हतं ते बघून होत होतं.

त्याच हिवाळ्यात मला दिवस गेले.

माझ्या नवऱ्याचं म्हणणं होतं की रजा घेऊन घरी ये. सासूबाईंचा रोज फोन. मी सातव्या महिन्यापर्यंत उपकेंद्रातच राहिले. काही जिद्द होती, काही भीती होती, आणि यादीतल्या बायांना सोडून जाणं जड जात होतं. उपकेंद्राच्या मागच्या खोलीत लोखंडी पलंग होता, त्यावर तीच मच्छरदाणी, जी मी सगळ्यांना वाटली होती. आणि तेव्हा मला कळलं की मी बायांना काय करायला सांगत होते.

रात्री दोनदा उठावं लागायचं, पुढे तीनदा. गादीखाली खोचलेली कड काढायची, वाकून बाहेर यायचं, अंधारात चपला शोधायच्या, परत येऊन पोट सांभाळत आत शिरायचं आणि पुन्हा चारही बाजूंनी खोचायचं. दुसऱ्यांदा परत आल्यावर खोचायचं त्राण नसायचं. एका पहाटे आतल्या बाजूला कोपऱ्यात एक डास बसलेला दिसला, पोट लाल भरलेलं. हाताखाली चिरडला तेव्हा तळव्यावर रक्त आलं, माझंच. त्यानंतरचे कितीतरी दिवस मी दर आठवड्याला स्वतःची बोटं टोचून घेतली. अंग जरा कसकसलं तरी काळजात धस्स व्हायचं. मलेरिया झाला नाही. पण ती भीती घेऊन दिवसभर काम करणं काय असतं, हे त्या पहाटेनं शिकवलं.

मग मी एक एक करून पाहिलं. उठण्याची बाजू एकच ठरवली, बाकी तीन बाजू कायमच्या गच्च. त्या एका बाजूला कड खोचण्याऐवजी तिच्यावर दुमडलेली जुनी गोधडी ठेवली, उचलली की बाहेर, टाकली की बंद. उशाशी टॉर्च. झोपायच्या आधी आत टॉर्च फिरवून बघायचं. हे सगळं मी बायांना सांगायला लागले तेव्हा त्या माझ्याकडे वेगळ्या नजरेनं पाहत होत्या. माझं पोट दिसत होतं. एकीनं विचारलं, "तुमाले पण रात्री उठा लागते?" मी म्हटलं, तीनदा. सगळ्या हसल्या आणि मग पहिल्यांदाच त्या माझ्याशी बोलल्या. याआधी मी बोलत होते आणि त्या ऐकत होत्या.

त्या बोलण्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. सुनेला कितीही पटलं तरी मच्छरदाणीत कोण झोपणार हे ती ठरवत नाही. सगळ्यात शेवटी तिला झोपायचं, सगळ्यात आधी उठायचं, आणि जी जागा उरेल तिथे पडायचं. त्या घरात आपल्यासाठी काही मागणं तिला जमत नाही. नव्यानं आलेली असली तर मुळीच नाही. म्हणून मी सासवांकडे गेले.

मोहफुलांचा हंगाम होता, मार्चचा शेवट. पहाटे बाया टोपल्या घेऊन जंगलात, दुपारी सगळ्या झाडाखाली. आशाताईनं पाच-सहा सासवांना एका चिंचेखाली बसवलं. मी भाषण केलं नाही. विचारलं, "मावशी, तुम्हाला किती झाली, किती राहिली?" आमच्याकडे बाया हे आकडे कधी विसरत नाहीत. सात झाली, चार राहिली. पाच झाली, दोन राहिली. एकीनं बोटं मोजली आणि मधल्या बोटावर थांबली, त्या बोटाचं नाव ठेवलेलं नव्हतं, कारण ते पोटातच गेलं. कधी गेलं? धान कापणीच्या आधी. अंगात काय होतं तेव्हा? ताप होता. पुजाऱ्यानं काय सांगितलं? कुणाची तरी बाधा. मी पुजाऱ्याच्या विरोधात एक शब्द बोलले नाही. फक्त म्हटलं की त्या दिवसांत तुम्ही कुठे झोपत होता? तिनं चिंचेपलीकडे, शेताच्या दिशेला हात केला.

ऑगस्टमध्ये सून गमावता गमावता राहिलेली ती सासूही तिथे होती. ती सगळ्यात मागे बसली होती. बराच वेळ गप्प राहून तिनं माडियात दोन-तीन वाक्यं सांगितली. आशाताईनं लगेच मराठीत सांगितलं नाही. नंतर, वाटेवर, म्हणाली : "ती म्हणाली, मी बाळासाठी ठेवली होती. बाळ पोटात आलं होतं तेव्हाच काढायला पाहिजे होती."

मी त्याच्या पुढे कधी काही जोडलं नाही. पण त्या वर्षापासून मच्छरदाणी देताना आम्ही ती घराच्या खात्यावर वेगळी आणि गरोदर बाईच्या खात्यावर वेगळी लिहायला सुरुवात केली. पहिल्या तपासणीला आली की माता-बाल संरक्षण कार्ड तिच्या हातात, लोहाच्या गोळ्या तिच्या हातात, आणि मच्छरदाणीही तिच्याच हातात. रजिस्टरमध्ये अंगठा तिचा. पिशवीवर घरक्रमांकाऐवजी तिचं नाव. "ही बाळाची आहे, बाळ सध्या तिच्या पोटात आहे, म्हणून ती यात झोपेल," एवढंच आशाताई सासूसमोर सांगते. सगळ्यांना पटतं असं नाही. पण सुनेला मग मागावं लागत नाही.

तरी वर्षाचा सगळ्यात अवघड काळ पुढेच होता. लोक समजतात की मलेरिया म्हणजे पावसाळा. आमच्याकडे दोन जातींचे डास महत्त्वाचे. ॲनाफिलीस क्युलिसिफेसीस धानाच्या बांधीतल्या, खड्ड्यांतल्या पाण्यावर वाढतो, त्याचा जोर पावसाळ्यात. ॲनाफिलीस फ्लुव्हिॲटिलिस डोंगरपायथ्याच्या संथ वाहत्या झऱ्यांच्या काठच्या गवतात वाढतो, आणि पाऊस थांबून पाणी निवळलं की त्याचे दिवस येतात. त्याला माणसाचं रक्त अधिक मानवतं. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, जेव्हा आम्ही शहरातली माणसं पावसाळा संपला म्हणून निश्चिंत होतो, तेव्हा इथे मलेरिया भरात असतो. आणि नेमके त्याच दिवसांत लोक घरात नसतात. रानडुकरं धान उभं आडवं करतात, म्हणून कुटुंबच्या कुटुंब शेतातल्या झोपडीत राखणीला. थंडी पडलेली, अंगावर पुरेसं पांघरूण नाही, म्हणून रात्रभर आगटी पेटती. आगटीच्या उबेला सगळे झोपतात. तिथे मच्छरदाणी लावली आणि ठिणगी उडाली तर? पॉलिस्टरचं कापड बघता बघता वितळतं. एका घरी तसं झालंही होतं, मोठं भोक पडलं, कुणाला भाजलं नाही हे नशीब.

याला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं, आजही पूर्ण नाही. आम्ही एवढं केलं की गरोदर बाईनं शेतावर झोपायला जाऊच नये, असं प्रत्येक घराशी बोललो. जिथे घरी राहायला सोबत नव्हती तिथे दोन घरच्या दोघी एका घरात झोपायच्या. ज्यांना जावंच लागलं त्यांच्या बाजेसाठी आगटीपासून आठ-दहा पावलं दूर जागा, आणि पांघरायला एक घोंगडी. ही घोंगडी हाच खरा उपाय होता. ऊब मिळाली तर आगटी सोडायला बाई तयार होते. घोंगड्या कुठल्या योजनेत बसत नाहीत. आम्ही ओळखीपाळखीतून काही गोळा केल्या, ब्रह्मपुरीहून माझ्या आईनं सहा पाठवल्या. सगळ्यांना पुरल्या नाहीत.

दुसरी फट माहेरपणाची. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, आणि आमच्यातल्या कित्येकींचं माहेर इंद्रावतीपलीकडे, छत्तीसगडात. नदी ही राज्याची हद्द आहे, नात्यांची नाही, डासांचीही नाही. मच्छरदाणी मात्र सासरीच राहायची, कारण ती "इथल्या घराची". आता ती तिच्या नावाची झाल्यावर घडी करून कार्डाबरोबर कापडी थैलीत जाते. एक आठव्या महिन्याची पोर डोंग्यात बसून पलीकडे जाताना थैली मांडीवर धरून बसली होती, ते मी काठावरून पाहिलं. मी हात केला, तिनं थैली वर करून दाखवली.

धुण्याचंही सांगते, कारण त्यात फार नुकसान होतं. चुलीच्या धुरानं पांढरी मच्छरदाणी महिन्यात काळवंडते, मग ती नाल्यावर नेऊन दगडावर आपटतात आणि उन्हात पसरतात. औषध धाग्यात असतं, ते साधारण वीस धुण्यांपर्यंत आणि तीनेक वर्षं टिकतं, पण ते साध्या साबणानं, थंड पाण्यात, न आपटता धुतलं आणि सावलीत वाळवलं तर. नाल्यात तर धुवायचीच नाही, घमेल्यात पाणी घेऊन धुवायची आणि पाणी विहिरीपासून, नाल्यापासून दूर टाकायचं. फाटली तर सुईदोऱ्यानं शिवायची. आशाताई आता पिशवीत आरडीकेबरोबर सुया आणि दोऱ्याचं रीळ ठेवते.

त्या पहिल्या सुनेला पुन्हा दिवस गेले, तेव्हा ती तपासणीला तिसऱ्याच महिन्यात स्वतः आली. मच्छरदाणी घेतली, अंगठा दिला, काही बोलली नाही. तिच्या घरी रात्रीच्या फेरीला मी तेवढी कधीच गेले नाही, आशाताई जायची. मला धीर व्हायचा नाही. आशाताई परत येऊन एवढंच सांगायची, "आत आहे." पाचव्या महिन्यात तिला व्हायव्हॅक्स निघाला. मी रात्रभर जागी होते. क्लोरोक्वीननं ताप उतरला, दर पंधरा दिवसांनी रक्त पाहिलं, हिमोग्लोबिन ९ च्या खाली जाऊ दिलं नाही. कुठून झाला? आधी कधीचा तरी यकृतात दडलेला असेल, किंवा संध्याकाळी मच्छरदाणीत शिरण्याआधी कुठे चावला असेल. मच्छरदाणीनं सगळं थांबतं असं मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. तिची सासू माझ्यासमोर बसून म्हणाली, "झोपत होती ती, खरंच झोपत होती," जणू मी तिला दोष देणार आहे. मी तिचा हात धरला.

दिवस जवळ आले तेव्हा तिला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या माहेरघरात, म्हणजे बाळंतपणाआधी राहायच्या खोलीत आणून ठेवलं, आठ दिवस आधी. सासू बरोबर. तिथल्या खाटेला मच्छरदाणी होती, तरी तिनं आपली थैलीतली काढून तीच लावली. मुलगी झाली, २ किलो ६०० ग्रॅम. मी तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होते, आशाताईनं फोन करून कळवलं. माझ्या मांडीवर माझा मुलगा होता.

रजा संपवून परत आले त्याला आता दोन पावसाळे झाले. यंदा पहिला पाऊस लवकर आला. पर्लकोटेचं पाणी चढायच्या आत यादी पूर्ण करायची असते, म्हणून काल आशाताईबरोबर उपकेंद्राच्या ओट्यावर बसले होते. गरोदर बाया सोळा, त्यातल्या पाच पहिलटकरणी. शिल्लक मच्छरदाण्या अकरा. पुढचा साठा कधी येईल ते कळलेलं नाही. पहिलटकरणींची पाच नावं आधी लिहिली. मग ज्यांचं रक्त कमी आहे त्या तिघी. मग नदीपलीकडे जाणाऱ्या दोघी. उरलेल्या सहा जणींसाठी एकच राहिली. त्यांच्या घरच्या जुन्या मच्छरदाण्या आज संध्याकाळी जाऊन बघायच्या आहेत, किती भोकं आहेत, किती वेळा धुतल्या, सध्या त्यात कोण झोपतंय. आशाताईनं दोऱ्याचं नवं रीळ पिशवीत टाकलं आहे.